पूजेत बसलेली बंदूक

२०२३ साल. आश्विन महिना, नवरात्राची नववी माळ, सोमवार. ऑक्टोबरचा उकाडा असा, की गेटच्या लोखंडी कडीला हात लावला तर चटका बसावा.

दिवस इतका नेमका का सांगतो? कारण तुम्ही विचारणारच, "परब, तुमच्या हातून चूक? कधी?" तर तेव्हा. आयुष्यात एकदाच झाली. घरची म्हणते एकदाच नाही. तिला विचारायला जाऊ नका. चहा घ्या आणि ऐका.

मी विक्रोळीला एका कारखान्याच्या गेटवर. मोठमोठे व्हॉल्व्ह बनतात तिथे. बावीस वर्षं झाली. वय सदुसष्ट. शाळा चौथी, मालवणच्या बाजूला. पण गेट काय पाटी-पेन्सिलीने राखत नाहीत. नजरेने राखतात. बावीस वर्षांत या गेटातून एक खिळा बाहेर गेला नाही आणि उशिरा आलेला माणूस आत गेला नाही. "काका, पाचच मिनिटं हो!" म्हणून लोकांनी हात जोडले. मी घड्याळ दाखवलं. "आज पाच म्हणता, उद्या दहा म्हणाल."

असा मी.

मध्यंतरी कंपनी परदेशी माणसांनी घेतली. त्या वर्षी श्रावणात त्यांच्याकडून नवा नियम आला. हत्यारांचा. अकरा पानं, सगळी इंग्रजीत. आमचे एचआरचे फर्नांडिस साहेब. त्यांनी सगळ्यांना कँटीनमध्ये बसवलं आणि मराठीत समजावलं.

"कामाच्या जागी हत्यार आणायचं नाही. कामगारांच्या पार्किंगमध्ये पण नाही. गाडीच्या डिकीत कुलूप लावून ठेवलं तरी नाही. लायसनवालं असलं तरी नाही."

मागून कोणीतरी ओरडलं, "साहेब, आपल्या डिकीत फार तर छत्री असते! बंदूक कोण ठेवतो?"

"त्यांच्या देशात ठेवतात रे बाबा. नियम सगळीकडे एकच."

पुढे साहेब बराच वेळ बोलत होते. कोणाला सूट, काय करायचं, काय करायचं नाही. पण मला हवं होतं ते मिळालं होतं. हत्यार नाही. डिकीत पण नाही. बस! मी उठलो, अकरा पानांवर अकरा सह्या ठोकल्या आणि गेटवर आलो. सही मी इंग्रजीत करतो. झोकात करतो. इंग्रजी वाचता येत नाही, हे सहीवरून कळत नाही.

त्या दिवसापासून मी डिक्या उघडायला लागलो. एकही सोडली नाही. दोन महिन्यांत काय सापडलं? छत्र्या. क्रिकेटची बॅट. एकाच्या डिकीत सासूने दिलेलं लोणचं, तेल गळत होतं. स्टोअरच्या सावंताच्या डिकीत कागदात बांधलेली सुरमई, ती पण आदल्या दिवसाची! हत्यार मात्र नाही.

माझ्याबरोबर गेटवर कांबळे. पन्नाशीचा, बी.ए. झालेला, घाटकोपरला राहतो. नऊ वर्षं माझ्या हाताखाली आहे, पण तोंडाने फटकळ. तो एकदा म्हणाला, "काका, तुम्ही हत्यार शोधताय की हत्याराची वाट बघताय?"

मी पुढची डिकी उघडली. बोलला ते खरं होतं.

इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. गेटवर कागद येतात दोन तऱ्हेचे. मराठी कागद मी वाचतो आणि फायलीला लावतो. इंग्रजी कागदावर 'मिळाले' असा शिक्का, तारीख, सही, आणि मग भिंतीवरच्या तारेला टोचून टाकतो. कांबळे वाचून दाखवायला कधी नाही म्हणाला नसता. पण ज्याच्यावर नऊ वर्षं हुकूम सोडले, त्याला म्हणायचं, "बाबा रे, हे काय लिहिलंय?" छे! परब आहे मी.

तर नववी माळ म्हणजे खंडेनवमी. आमच्या कारखान्यात त्या दिवशी ज्याचं जे हत्यार, त्याची पूजा. लेथवाले लेथ सजवतात. ड्रायव्हर गाड्यांना हार घालतात. ऑफिसातल्या बाया कॉम्प्युटरला कुंकू लावतात. आणि एकदा हत्यार पूजेत बसलं, की दसऱ्यापर्यंत जागचं हलवायचं नाही. आमच्या गावात त्या दिवशी विळीसुद्धा कोणी उचलत नाही. भाजी आदल्या दिवशीच चिरून ठेवतात.

आणि आमच्या केबिनमध्ये पूजेला काय? दोन काठ्या, एक बॅटरी, एक शिट्टी. दर वर्षी मशीनशॉपची पोरं येऊन दात काढायची. "काय परब, यंदा शिट्टीला नैवेद्य काय?" बावीस वर्षं ऐकून घेतलं. सोपं नाही!

सकाळी आठला पांढरी गाडी गेटवर आली. मृणाल कदम. तपासणी विभागात आहे, पंचविशीची, मुलुंडहून येते. वेळेवर येते म्हणून माझ्या मर्जीतली. मी डिकी उघडली. आत लांबलचक काळी पेटी.

"हे काय?"

"रायफल, काका."

कशी म्हणाली माहितेय? 'डबा आहे' म्हणावं तशी! माझ्या छातीत एकदम ढोल वाजला.

"उघड."

तिने उघडली. आत खरोखरची बंदूक. निळी-चंदेरी, घोडा, नळी, सगळं जागच्या जागी.

"हवेची आहे, काका. खेळायची. हिला लायसन पण लागत नाही. आज माझी निवड चाचणी आहे अंधेरीला, राज्याच्या टीमची. अडीचला रिपोर्टिंग. हाफ डे टाकलाय, एक वाजता निघणार."

"नियम माहीत आहे?"

"माहीत आहे ना! म्हणून तर पत्र दिलं गेटवर. फर्नांडिस सरांच्या सहीचं."

"माझ्याकडे पत्रबित्र काही नाही."

"काका, तुमच्याच हातात दिलं मी!"

"पोरी, माझ्या हातात आलेला कागद हरवत नाही."

आणि हे खरं होतं बरं का. हरवला नव्हताच.

तिने साहेबांना फोन लावला. साहेब राहतात मढला. एकदा गाडीत बसले की फोन उचलत नाहीत. गाडी चालवताना फोन नाही, हा त्यांचा नियम. तिने चार वेळा लावला. मागे गाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. शेवटी ती म्हणाली,

"ठीक आहे. तुमच्या केबिनमध्ये ठेवा. सर आले की विचारा आणि एकला मला द्या. पण काका, ऐका. तिसऱ्यांदा देतेय मी ही चाचणी. दोनदा एकेका गुणाने गेली. बाबा म्हणालेत, यंदा नाही झालं तर हे खूळ बंद. आज मी वेळेवर पोचलेच पाहिजे."

"पोचशील. साहेब हो म्हणाले तर."

"आणि हात लावू नका हं कोणी. मागे ही भोकाची चकती आहे ना, नेम धरायची, ती बसवायला मला काल अख्खा दिवस लागलाय."

"परबाच्या केबिनमध्ये वस्तू हलत नाही," मी म्हणालो.

ती कामावर गेली. मी पेटी केबिनमध्ये नेली. आणि मग काय सांगू महाराजा, मी फोन उचलला! स्टोअरला फोन. मशीनशॉपला फोन. अकाउंट्सला फोन. "पार्किंगमध्ये बंदूक पकडली. कोणी? मी पकडली."

नऊ वाजता कँटीनमध्ये बंदुका दोन झाल्या. साडेनऊला तीन. दहा वाजता अकाउंट्सच्या बायकांनी आतून कडी लावली आणि कपाट आडवं सरकवलं. सव्वादहाला सावंत धापा टाकत आला.

"परब, किती जण होते?"

"काय किती?"

"अहो, बंदूकवाले!"

"एकच गाडी होती."

"आणि तुम्ही एकटेच भिडलात?"

मी खोटं बोललो नाही. नुसता मिशीवरून हात फिरवला.

अकरा वाजता पूजेची वेळ झाली. टेबलावर लाल कापड घातलं. काठ्या ठेवल्या. बॅटरी ठेवली. शिट्टी ठेवली. आणि कोपऱ्यातली ती काळी पेटी बघितली.

आता तुम्हीच सांगा. बावीस वर्षं शिट्टीची पूजा केलेला माणूस. केबिनमध्ये साक्षात बंदूक. दिवस खंडेनवमीचा. तुम्ही काय केलं असतं?

मी पण तेच केलं.

बंदूक मधोमध ठेवली. नळीला झेंडूची माळ. दस्त्यावर हळदीची पाच बोटं. त्या भोकाच्या चकतीवर कुंकू, कारण गोल होती, तिथे शोभलं. पुढे लिंबू, नारळ, निरांजन. वरून मूठभर अक्षता. अशा दणक्यात टाकल्या, की लग्नाची आठवण व्हावी!

कांबळे दारात उभा. "काका, ती पोरगी हात लावू नका म्हणाली होती."

"हात कुठे लावला? कुंकू लावलं."

"एकला न्यायचीय तिला."

"साहेब हो म्हणाले तर."

"बघा बुवा. मी काही पूजेत पडत नाही," तो म्हणाला. "मी आपला प्रसादाला."

बातमी फुटली. मशीनशॉप रांग लावून दर्शनाला आलं. एकाने चपला बाहेर काढल्या. दुसऱ्याने दहाची नोट ठेवली, ती मी परत दिली. शिट्टीचं नाव कोणी काढेना! "परब, मानलं तुम्हाला!" एक जण म्हणाला, "फोटो पाहिजेच." मी खुर्ची घेतली, बंदुकीच्या बाजूला बसलो, ताठ. फोटो झाला. झकास आला. मी तो लगेच कंपनीच्या ग्रुपवर टाकला. खाली स्वतः लिहिलं, 'पकडली. पूजा केली. परब.'

त्या ग्रुपवर परदेशातले मोठे साहेब पण आहेत, हे मला ठाऊक होतं. म्हणून तर टाकला! त्यांना पण कळू दे, विक्रोळीचं गेट कोण राखतं.

पाऊण वाजता फर्नांडिस साहेब, सकाळपासून बाहेरच्या कामावर होते ते, पळत आले. साहेबांना पळताना मी पहिल्यांदा बघितलं.

"परब! काय केलं हे तुम्ही?"

"पकडली, साहेब."

"अहो, फोटो बघा ना फोटो!" त्यांनी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "मागे भिंतीवर बोर्ड, पिस्तुलावर लाल फुली, हत्यार बंदी. त्याच्याखाली बंदूक. बंदुकीला हार. बाजूला तुम्ही बसलेत, नवरदेवासारखे! तिकडून फोन आलाय मला. रस्त्याच्या कडेला गाडी लावून घेतला. विचारतायत, तुमची सिक्युरिटी बंदुकीची पूजा करते काय?"

"करते ना. आज खंडेनवमी."

"ते मला माहीत आहे हो! त्यांना कसं सांगू मी?"

तेवढ्यात एक वाजला आणि मृणाल आली. गाडीची चावी हातात, पाण्याची बाटली बगलेत. दारातच थांबली. माळ बघितली. नारळ बघितला. बाटली खाली पडली.

"काका! हे काय केलंत?"

"पूजा."

"ती द्या मला. उशीर होतोय."

"उद्या."

"काय उद्या?"

"पूजेत बसलेलं हत्यार आज उठत नाही. उद्या दसऱ्याला उठेल."

"काका, चाचणी आज आहे! अडीचला!"

"मी काय करू? रीत आहे."

साहेब म्हणाले, "परब, मी सांगतो, द्या तिला. परवानगी मीच दिलीय. पत्र दिलंय ना तुम्हाला!"

"माझ्याकडे पत्र आलेलं नाही, साहेब. आणि आलं असतं तरी पूजा ती पूजा."

पोरीचे डोळे भरले. पण रडली नाही हो. दात आवळून उभी राहिली. मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण मागे मशीनशॉप उभं, सावंत उभा. सगळ्यांसमोर शब्द फिरवायचा कसा?

तेव्हा कांबळे भिंतीकडे गेला. तारेवरचे कागद एकेक करून वर काढले. सातवा का आठवा कागद उपसला, खाकरला, आणि मराठीत वाचायला लागला.

"'गेटवरील प्रमुखांस. मृणाल कदम यांना सोमवारी खेळाची रायफल आणण्यास परवानगी आहे. पेटी उघडू नये. गेटवर कुलपात ठेवावी. एक वाजता परत द्यावी.' खाली शिक्का, 'मिळाले'. मागच्या मंगळवारची तारीख. आणि सही." तो थांबला. "सही इंग्रजीत आहे. झोकात केलीय."

मशीनशॉपचं एक पोरगं फिसकन हसलं. मग दुसरं. मी कोणाकडे बघितलं नाही. मनात म्हटलं, परबा मेल्या, काय करून ठेवलंस रे हे!

"बाजूला व्हा सगळे," मी म्हणालो. "मी बसवली, मीच उठवणार."

नारळ फोडला. देवीला हात जोडले, म्हटलं, आई, रीत मोडतोय, राग माझ्यावर काढ, पोरीवर नको. अक्षता टाकायला मूठ उचलली.

"टाकू नका!" पोरगी किंचाळली. "आणखी तांदूळ नको!"

तिने बंदूक उचलली, माळ काढली, नळीत डोळा लावला. "काका, आत तांदूळ आहेत!"

"किती?"

"मोजायचे आहेत का आता?"

चकतीतून बघितलं तर म्हणे सगळं लालेलाल दिसतंय. मग बसली साफ करायला. फडकं, ब्रश, नळीत ओढायची दोरी, कपाळावर घाम. साहेब घड्याळ बघतायत. मी बंदुकीचा दस्ता पुसतोय. हळद निघते का? तुम्ही कपड्यावरची काढून बघा एकदा! तिथून निघायला पावणेदोन झाले.

"परब, तुम्ही जा तिच्याबरोबर," साहेब म्हणाले. "तिथे कोणी अडवलं तर तोंड तुम्ही द्यायचं."

गाडीत मी पुढे बसलो, काठी गुडघ्यांत धरून. पवईला गाड्या खोळंबलेल्या. नवमीची गर्दी, टेम्पोतून झेंडू चाललेला. तिची नजर घड्याळावर. माझी पण. तलाव संपता संपता ती म्हणाली,

"पाऊण तास खाल्लात तुम्ही माझा, काका."

"हं."

"हं काय? परत द्या."

"परबाने आजवर कोणाचं देणं ठेवलेलं नाही," मी म्हणालो. "तू माग, मी देईन."

"मागेन. आधी पोचू दे."

अंधेरीला रेंजच्या गेटवर गाडी लागली तेव्हा दोन पस्तीस. गेटवर कोण उभा? माझ्याच वयाचा, माझ्यापेक्षा जाड मिशीचा एक म्हातारा. हातात रजिस्टर. त्याने घड्याळ दाखवलं.

"अडीचला रिपोर्टिंग बंद."

पोरगी म्हणाली, "काका, पाचच मिनिटं हो!"

"आज पाच म्हणता, उद्या दहा म्हणाल."

मला घामच फुटला! माझं वाक्य! शब्दाला शब्द! इतकी वर्षं मी ते आतून बोललो होतो. बाहेरून कसं लागतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मी उतरलो. "नमस्कार. मी पण गेटवालाच. विक्रोळीला."

"मग तर तुम्हाला कळायला पाहिजे."

"कळतं. पण एकदा सोडा."

"तुम्ही सोडता?"

मी जमिनीकडे बघितलं. तो म्हणाला, "बघा. नाही ना सोडत?"

"नाही सोडत," मी म्हणालो. "पण मी ज्यांना अडवलं त्यांचा उशीर त्यांचा होता. हिचा उशीर माझा आहे."

"म्हणजे काय?"

"हिची बंदूक मी अडकवून ठेवली. पूजेत ठेवली. परवानगीचं पत्र माझ्या भिंतीवर होतं. मी वाचलं नाही."

"का नाही वाचलं?"

पोरगी बाजूलाच उभी. रस्त्यावर वीस माणसं. मी म्हणालो, "इंग्रजी येत नाही मला. कोणाला विचारलं नाही. चूक माझी."

हे वाक्य सदुसष्ट वर्षांत पहिल्यांदा तोंडातून निघालं.

म्हाताऱ्याने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. रजिस्टर पुढे केलं. "लिहून द्या."

मी लिहिलं. 'उशीर माझ्यामुळे. मुलीचा दोष नाही. गोविंद परब.' सही मराठीत केली. त्याने अक्षर न् अक्षर बोट ठेवून वाचलं. मग आतल्या साहेबांना फोन केला, हळू आवाजात बोलला, आणि फाटक उघडलं.

"पोरी, पळ!"

ती पेटी घेऊन पळाली. मी मागे निघालो. त्याने हात आडवा घातला.

"काठी बाहेर ठेवा. आत हत्यार न्यायचं नाही."

"अहो, आत सगळे बंदुका घेऊन फिरतायत!"

"त्यांच्याकडे परवानगी आहे. तुमच्याकडे आहे?"

ठेवली बाहेर. पण आत गेलोच नाही. त्याने स्टूल दिलं, चहा मागवला. आम्ही दोघं बसलो, दोन तास. सगळा वेळ देवीला एकच सांगत होतो, राग माझ्यावर काढ.

साडेचारच्या पुढे ती बाहेर आली. चेहरा बघून काही कळेना. मी उभा राहिलो.

"काय झालं?"

"आत तपासणीला घेतलं तर विचारतात, दस्ता पिवळा कसा? म्हटलं, आमच्या कंपनीची सिक्युरिटी."

"अगं, चाचणीचं काय झालं?"

"सात जणींना घेतलं. सातवी मी."

"झाली?"

"झाली, काका!" आणि त्या गेटवर, सगळ्यांसमोर, नाचली हो पोरगी! तो जाड मिशीवाला पण हसला. मी हसलो नाही. डोळ्यांत धूळ गेली होती.

दसरा झाला. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मृणाल केबिनमध्ये आली. हातात अकरा पानं.

"काका, माझा पाऊण तास."

"बोल, काय करू?"

"उभं राहायचं. मी वाचते, तुम्ही ऐकायचं. सगळी पानं. मराठीत सांगते."

मी उभा राहिलो. हात मागे. कांबळेने गेट सांभाळलं. दार त्याने मुद्दाम उघडं ठेवलं, तो भाग वेगळा.

दुसऱ्याच पानावर होतं, खेळाच्या साहित्याला पत्र असेल तर सूट. चौथ्या पानावर, सापडलेल्या हत्याराला गेटवरच्या माणसाने स्वतः हात लावू नये. पाचव्यावर, जागचं हलवू नये. सहाव्यावर, फक्त एका अधिकाऱ्याला कळवावं, इतर कोणालाही बातमी देऊ नये. आठव्यावर, फोटो काढू नये. नवव्यावर, जवळ दिवा, आग, ज्योत आणू नये. पूजेचं तेवढं कुठे लिहिलेलं नव्हतं. त्यांना सुचलं नसावं.

दहाव्या पानावर कांबळे बाहेरून म्हणाला, "काका, दोन महिने डिक्या उघडल्यात ना? नियम मोडणारा शेवटी सापडला हो!"

अख्ख्या कारखान्यात तो एकच सापडला होता, आणि त्याने अकराही पानांवर सही केली होती.

अकरावं पान संपलं. तिने घड्याळ बघितलं.

"चाळीस मिनिटं झाली, काका. पाच सोडली."

"परबाला सूट नको. वाच."

तिने पहिलं पान पुन्हा हातात घेतलं आणि पाच मिनिटं वाचलं. पाऊण तास पुरा झाला.